नियमांची वही आधी बंद करा, मग शिट्टी वाजवा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्या भागातल्या एका महाविद्यालयात संगणकावरच्या रोबो फुटबॉलची स्पर्धा झाली. यंदा दिवाळीनंतर ती पुन्हा भरवायची बोलणी चालू आहेत, असे कानावर आले आहे. स्पर्धा व्हावीच. पण भरवणारे जे कोणी असतील त्यांना तारीख ठरायच्या आधी एक विनंती करायची आहे. खेळाचे नियम आणि ज्या सॉफ्टवेअरवर सामने होणार ते सॉफ्टवेअर, दोन्ही निदान दोन महिने आधी पोरांच्या हातात द्या. आणि एकदा दिले की स्पर्धा संपेपर्यंत त्याला कुणीही हात लावू नये.

मी संगणकाचा माणूस नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात २९ वर्षे तपासणी विभागात काढली. लेथवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, गेजला, म्हणजे माप तपासायच्या साधनाला, लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर परत. रविवारी लेले मैदानावर फुटबॉलचा पंच म्हणून उभा राहायचो. शिट्टी आणि गेज ही दोन हत्यारे आयुष्यभर हातात होती, म्हणून मुलगी संगणक शाखेला गेल्यावर तिच्या मित्रमंडळींनी मला या खेळात ओढले. त्यांचा संघ पाच जणांचा: माझी मुलगी, वडगावची तिची मैत्रीण, येळ्ळूरचा एक, जांबोटीकडच्या खेड्यातला एक आणि बैलहोंगलचा एक कन्नड मुलगा. घरात तिन्ही भाषा एकदम चालायच्या आणि कुणाला त्याची अडचण वाटली नाही.

हा खेळ कसा असतो ते थोडे सांगतो, नाहीतर तक्रार कळायची नाही. यात लोखंडाचा, चाकांचा रोबो नसतो. मैदान संगणकात असते, १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, खऱ्या मैदानाच्याच मापाचे. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू म्हणजे ११ वेगवेगळे प्रोग्राम. एकच प्रोग्राम वरून अकराही जणांना नाचवतोय, असे इथे चालत नाही. मधे बसलेला सर्व्हर नावाचा प्रोग्राम म्हणजे मैदानही तोच आणि पंचही तोच. सेकंदाच्या दहाव्या भागाला एक पाऊल, असे त्याचे काम चालते. तेवढ्या वेळात प्रत्येक खेळाडूने आपला एक हुकूम पाठवायचा: पळ, वळ किंवा चेंडू मार. एका वेळी यातले एकच. आमची पोरे त्या दहाव्या भागाला 'ठोका' म्हणतात. अर्धा सामना ३००० ठोक्यांचा, पूर्ण सामना ६००० ठोक्यांचा, म्हणजे घड्याळात १० मिनिटे.

आणि खेळाडूला सगळे मैदान दिसत नाही, हे मला फार आवडले. तो जिकडे तोंड करून उभा असेल तिकडचेच दिसते. लांबचा माणूस अंधुक दिसतो, आणखी लांब गेला तर तो आपला की परका हेही कळत नाही. सर्व्हर प्रत्येक मापात मुद्दाम थोडी चूक मिसळतो. कारखान्यात आम्ही त्याला टॉलरन्स म्हणायचो. मुलीला तो शब्द सांगितला तेव्हा तिला सगळा हिशेब एकदम लागला. एकमेकांना हाक मारायची तर तीसुद्धा सर्व्हरमार्फतच, आणि हाकेत फक्त १० अक्षरे मावतात. प्रत्येकाला ८००० इतका दम मोजून दिलेला असतो. पूर्ण जोर लावून पळाला की दर ठोक्याला १०० कमी होतो, भरून येतो तो त्याच्या निम्म्यानेही नाही. सुरुवातीलाच उधळपट्टी करणारा खेळाडू थोड्याच वेळात पाय ओढत चालतो. लेले मैदानावर दुपारच्या उन्हात मी हे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

ही कल्पना जपानी संशोधकांची. हिरोआकी कितानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोबोकप, म्हणजे रोबो फुटबॉलची जागतिक स्पर्धा, सुरू केला. पहिला १९९७ साली नागोयाला झाला. त्याच वर्षी मे महिन्यात डीप ब्लू संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवले होते. २०५० सालापर्यंत चालत्या-पळत्या यंत्रमानवांच्या संघाने माणसांच्या विश्वविजेत्या फुटबॉल संघाला हरवायचे, असे त्यांचे ध्येय आहे. संगणकावरच्या खेळाचा सर्व्हर इत्सुकी नोदा यांनी लिहिला. तो आजही फुकट मिळतो, त्याचा कोड कुणीही उघडून पाहावा. म्हणजे बर्लिनच्या किंवा तोक्योच्या विद्यापीठात जे मैदान आहे तेच जांबोटीच्या पोराला मिळू शकते. चामड्याचा चेंडू नको, बूट नकोत, मैदानाचे भाडे नको. आपल्या सीमाभागातल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी यासारखा खेळ शोधून सापडणार नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच गेल्या वर्षी जे झाले ते लागले.

स्पर्धेच्या आदल्या रात्री साडेदहा वाजता पोरांच्या मोबाईलवर नियमांची फाईल आली. इंग्रजीत, ११ पाने. तोवर साखळी सामने होणार असे तोंडी सांगितले होते. फाईलमध्ये बाद पद्धत होती. सर्व्हरची कुठली आवृत्ती वापरणार याचा त्यात उल्लेखच नव्हता. पोरांनी घरी महिनाभर एका आवृत्तीवर सराव केला होता, प्रयोगशाळेत दुसरीच बसवलेली निघाली. तरी तेवढ्यावर निभावले असते.

सकाळी पहिलाच सामना आमच्या पोरांचा. एका संगणकावर सर्व्हर, त्याच संगणकावर दोन्ही संघांचे २२ खेळाडू, दोन्हीकडचे प्रशिक्षक-प्रोग्राम, आणि तोच संगणक मोठ्या पडद्यावर खेळ दाखवतोय. मी मागच्या बाकावर बसलो होतो. किक-ऑफ झाला, आमच्या पुढच्या दोघांनी चेंडू एकमेकांना दिला आणि मग सगळा संघ खिळल्यासारखा थांबला. समोरचे निळे ठिपके आमच्या पिवळ्या ठिपक्यांमधून चेंडू घेऊन चालत गेले. गोल. परत किक-ऑफ, परत तेच. जांबोटीचा मुलगा उठून पडद्याजवळ गेला. मागे वळून म्हणाला, "काका, आमचे गडी जागचे हलंनात की!" घरी याच गड्यांना पळताना त्याने शंभर वेळा पाहिले होते. पहिल्या अर्ध्यात ९ गोल झाले. तिथल्या एका जाणत्या माणसाने सगळ्यांदेखत सांगितले, "तुमचा प्रोग्राम बरोबर नाही, आधी नीट शिकून या." बाद पद्धत असल्यामुळे पोरांची स्पर्धा दहा मिनिटांत संपली. दुपारच्या बसने तो मुलगा परत गेला. जेवायला थांब म्हटले तरी थांबला नाही.

आता यातले दुखणे कुठे होते ते ऐका. सर्व्हर कुणासाठी थांबत नाही. ठोका पडला की पडला. ज्याचा हुकूम वेळेत पोचला नाही तो त्या ठोक्याला नुसता उभा. एकाच संगणकावर दोन डझन प्रोग्राम एकदम चालवले की संगणकाची दमछाक होते आणि ज्या प्रोग्रामला जास्त विचार करायचा असतो तो मागे पडतो. आमच्या पोरांचा खेळाडू पास देण्याआधी चार-पाच जणांच्या जागांचा हिशेब करायचा. समोरच्यांचा खेळाडू चेंडू दिसला की त्याच्यामागे पळायचा. संगणक धापा टाकतोय, तर हिशेब करणारा हरणार आणि नुसता पळणारा जिंकणार, हे ठरलेलेच. मोठ्या स्पर्धांमध्ये म्हणूनच प्रत्येक संघाला वेगळे संगणक देतात.

सर्व्हर प्रत्येक सामन्याची नोंद फाईलमध्ये ठेवतो, कुठल्या ठोक्याला कुणी काय हुकूम दिला ते सगळे. ती फाईल मागितली, पाचव्या दिवशी मिळाली. मुलगी आणि मी रात्री जेवणानंतर ती चाळत बसलो. पहिल्या अर्ध्यातल्या ३००० ठोक्यांपैकी निम्म्याहून अधिक ठोक्यांत आमच्या बचावपटूंकडून एकही हुकूम पोचलेला नव्हता. सर्व्हरमध्ये अशीही सोय असते की सगळ्यांचे हुकूम येईपर्यंत तो थांबेल. ती लावून तिने त्याच दोन संघांचा सामना घरच्या लॅपटॉपवर परत घेतला, अर्धा तास लागला असेल. आमचे गडी पळाले. सामना २-२ असा सुटला. तिने लगेच जांबोटीला फोन लावला, पण पाऊस नसतानासुद्धा त्या भागात रेंज लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो कणकुंबीच्या रस्त्यावर उंच जागी आला तेव्हा कळले त्याला.

भरवणाऱ्यांनी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पहिल्यांदाच भरवत होते, हौसेने भरवत होते, संगणक होते तेवढे वापरले. पण एखादा संगणक पुरेल की नाही, हे स्पर्धेच्या सकाळी कळायची गोष्ट नव्हे. गेज खरा आहे की झिजलाय हे माल तपासायला बसण्याआधी पाहायचे असते. झिजलेल्या गेजने चांगला जॉब परत गेला तर टर्नरचा काय दोष?

याच स्पर्धेत आणखी एक गोष्ट झाली आणि ती मला जास्त गंभीर वाटते. एका संघाने आपल्या अकराही प्रोग्रामांना संगणकातल्या एकाच फाईलमध्ये लिहायची-वाचायची सोय केली होती. म्हणजे गोलकीपरला जे दिसले ते पुढच्या खेळाडूला आयते कळायचे. सर्व्हरमार्फत १० अक्षरांच्या हाकेशिवाय खेळाडूंनी एकमेकांशी बोलायचे नाही, हा या खेळाचा जगभरचा मूळ नियम आहे. पण त्या ११ पानांत तो कुठे लिहिलेलाच नव्हता. उपांत्य सामन्यात कुणाच्या तरी लक्षात आले, आरडाओरडा झाला, त्या पोरांना लबाड ठरवून बाहेर काढले. पहिल्या वर्षाला शिकणारी पोरे ती. त्यातल्या एकीने मला नंतर विचारले, "सर, नाही म्हणून कुठं लिहिलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ३० वर्षांत मी पुष्कळ लाल कार्डे दाखवली, पण जो नियम कुणाला सांगितलाच नाही त्यावर एकही दाखवले नाही.

मग गणपतीनंतर आम्ही नियम लिहायला बसलो. कुणी सांगितले नव्हते. मी, मुलगी आणि तिचे चौघे, शनिवार-रविवार आमच्या अनगोळच्या घरी. मला आधी वाटले होते की पंचाचे काम सर्व्हर करतोच, तर लिहायचे काय? ऑफसाइड तो पकडतो, चेंडू बाहेर गेलेला ओळखतो, मागचा पास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घेतला तर, पकडतो, फ्री किकला समोरच्यांना ९.१५ मीटर लांब हटवतो, आणि हे सगळे इतके अचूक की रेषेवर धावणाऱ्या सहायक पंचाला जमायचे नाही. पण जे नुसत्या मोजमापात बसत नाही, ते त्याला कळत नाही. चेंडूभोवती कडे करून उभे राहणे, समोरच्याची वाट मुद्दाम अडवणे, सगळा संघ गोलमध्ये नेऊन भिंत उभी करणे, सर्व्हरवर हुकमांचा मारा करून समोरच्यांना तुंबवणे. या गोष्टी ओळखायला आजही माणूसच पंच लागतो, आणि त्या पंचाच्या हातात शब्द नेमके लागतात.

भिंतीचेच बघा. या खेळात गोलची रुंदी १४.०२ मीटर आहे. खऱ्या फुटबॉलमध्ये ७.३२. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मुलीला म्हटले, कुणीतरी चुकीचा आकडा घातलाय. चूक नव्हे, सपाट मैदानावर चेंडू वर उडत नाही, गोल होणे अवघड जाते, म्हणून मुद्दाम दुप्पट ठेवलाय. मग प्रश्न आला की इतका रुंद गोल किती खेळाडू बंद करू शकतात. साध्या खेळाडूची त्रिज्या ०.३ मीटर, चेंडूची ०.०८५, आणि अंगापासून ०.७ मीटरपर्यंतचा चेंडू तो मारू शकतो. बेरीज १.०८५. म्हणजे एक खेळाडू डावी-उजवीकडे मिळून २.१७ मीटर रेषा राखतो. सहा जण उभे केले तर १३.०२ मीटर, एक मीटरची फट राहते. सात जण उभे केले की १५ मीटरच्या वर, फट संपली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही हे वर्तमानपत्र पसरून, हरभरे आणि शेंगदाणे मांडून केले. सातवा हरभरा ठेवल्यावर येळ्ळूरचा मुलगा म्हणाला, "मग सात जण गोलमध्ये ठेवले की संपलं की, हरायचंच नाही!" बैलहोंगलच्या मुलाने लगेच वही ओढली. चेंडू एका ठोक्यात ३ मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तो एका ठोक्याला भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे असू शकतो. मधल्या वेळेत कुणाला काही करताच येत नाही. तेव्हा भिंत अगदी पक्की नव्हे. पण असला खेळ बघायचा कुणी? दोन रविवार वाद घालून आम्ही लिहिले: चेंडू स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राबाहेर असताना गोलरेषेपासून ३ मीटरच्या आत गोलकीपर धरून चारपेक्षा जास्त खेळाडू सलग ५० ठोके उभे राहिले, तर पंचाने समोरच्यांना फ्री किक द्यावी. हा नियम बरोबरच आहे असा आमचा हट्ट नाही. कुणाला तीन हवे असतील, कुणाला पाच. पण आकडा हवा आणि तो आधी हवा, म्हणजे पोरे त्या आकड्याला धरून आपला बचाव बांधतील.

आकड्यांवरून भाषेचे सांगतो. आम्ही नियम मराठीत लिहीत होतो आणि बैलहोंगलचा मुलगा शेजारी बसून कन्नडमध्ये उतरवत होता. गेल्या वर्षीच्या इंग्रजी फाईलमधले एक वाक्य मी मराठीत असे घेतले होते: फ्री किक मिळालेल्या संघाने चेंडू लगेच खेळात आणावा. तो थांबला. "काका, लगेच म्हंजे एष्टु? किती ठोके?" इंग्रजीत ते वाक्य आम्ही सगळ्यांनी दहा वेळा वाचले होते, कुणाला खटकले नव्हते. सर्व्हरमध्ये या गोष्टीला मुळातच १०० ठोक्यांची मुदत आहे, ती संपली की तो चेंडू स्वतःच मोकळा करतो. मग माणूस-पंचाने 'लगेच' कुठे धरायचे? आम्ही तो शब्द खोडून १०० ठोके लिहिले. असे एकूण नऊ शब्द निघाले: 'लगेच', 'योग्य', 'शक्यतो', 'फार' अशा जातीचे. भाषांतराने ते उघडे पडले. म्हणून म्हणतो, नियम मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत द्या. यात मला भाषेचा झगडा उकरून काढायचा नाही, तो आपल्याकडे पुरेसा आहे. खेड्यातले पोर आपल्या भाषेत नियम वाचेल तेव्हा त्याला प्रश्न पडतील, आणि प्रश्न पडले तरच नियमातली भोके सामन्याआधी बुजतील. तांत्रिक शब्द कुठेही अडत नाहीत. सर्व्हर सर्व्हरच राहू दे, ऑफसाइड ऑफसाइडच राहू दे. पण 'स्टॅमिना'ला पोरे आपणहून दम म्हणतात, तर नियमातही दमच लिहा.

काही जण म्हणतील, दोन महिने आधी सगळे गोठवले आणि मग चूक सापडली तर? खऱ्या फुटबॉलचे उदाहरण देतो. फुटबॉलचे १७ नियम ज्यांच्या हाती आहेत ते मंडळ १८८६ सालचे. एखादा नियम बदलायचा तर तिथल्या ८ मतांपैकी ६ मते लागतात. वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला सभा होते, आणि तिथे मंजूर झालेला बदल लागू होतो १ जुलैपासून. मधले महिने कशासाठी? पंचांनी शिकावे, प्रशिक्षकांनी शिकवावे, खेळाडूंच्या अंगवळणी पडावे. १९९२ साली मागच्या पासचा नियम आला तेव्हा गोलकीपरांना पायाने खेळणे नव्याने शिकावे लागले. प्रोग्रामचे याहून अवघड आहे. माणूस खेळाडूला सकाळी सांगितले तर तो दुपारी काहीतरी सांभाळून घेईल. प्रोग्रामला सकाळी सांगता येत नाही. जे लिहिलेय तेच तो करणार.

चूक सापडली तर ती सगळ्यांसमोर लिहून ठेवा, यंदा ती सगळ्यांना सारखीच लागू राहील, आणि पुढच्या वर्षी दुरुस्त करा. सारखी चूक अन्याय करत नाही. अपवाद एकच, सर्व्हर बंदच पडत असेल तर.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर इंटरनेटवरून उतरवून घ्या म्हणणे पुरेसे नाही. हा सर्व्हर विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. तो बांधून घ्यायला आणखी चार गोष्टी आधी बसवाव्या लागतात, आणि एकीची आवृत्ती जुळली नाही की सगळे अडते. शहरातल्या पोराला कॉलेजात कुणीतरी मदत करते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, तिथले पोर कुणाला विचारणार? सगळे बसवलेली, चालवून पाहिलेली एक पेन ड्राइव्ह तयार करा. ती लावली की संगणक सरळ मैदान उघडेल, आधीचे काही पुसणार नाही. स्पर्धेच्या दिवशी प्रयोगशाळेतही तीच पेन ड्राइव्ह लावा. सर्व्हरची सगळी मापे, म्हणजे अर्धा सामना किती ठोक्यांचा, दम किती, गोल केवढा, एका साध्या फाईलमध्ये लिहिलेली असतात. ती फाईल छापून भिंतीवर लावा, कुणालाही आकडे पडताळून पाहता येतील. आणि स्पर्धेआधी एक पूर्ण दिवस सरावासाठी ठेवा, त्याच खोलीत, त्याच संगणकांवर, दोन्ही संघांचे खेळाडू वेगवेगळ्या संगणकांवर ठेवून. ठोके चुकतात का ते नोंदीत पाहा. चुकत असतील तर खेळाचा वेग कमी करा किंवा थांबणारा सर्व्हर लावा. सामने लांबतील, दोन दिवसांऐवजी तीन लागतील. लागू देत.

तयार प्रोग्राम घेण्याबद्दलही आधीच ठरवा. जपानच्या हेलिओस संघाने आपला पायाभूत कोड सगळ्यांसाठी खुला केलेला आहे आणि जगातले कितीतरी संघ त्यावरच आपली इमारत उभी करतात. त्यात काही वावगे नाही, नवख्यांनी तसेच शिकावे. पण काय घेतले आणि स्वतःचे काय घातले हे प्रत्येक संघाने एका पानात, आपल्या भाषेत, लिहून द्यावे. आणि स्पर्धा संपल्यावर सगळ्या सामन्यांच्या नोंदी सगळ्यांना द्याव्यात, मागायला न लावता. आमच्या पोरांना आपण का हरलो हे त्या नोंदीतूनच कळले. ती मिळाली नसती तर जांबोटीचा मुलगा आजही समजला असता की त्याला काही येत नाही.

आमची वही तयार आहे. नियम मराठीत सहा पाने, कन्नडमध्येही तेवढीच. मागे गेजप्रमाणे तपासणीची यादी आहे, सामन्याआधी पंचाने काय काय पाहायचे त्याची. पेन ड्राइव्हही मुलीने बनवून चार वेगवेगळ्या लॅपटॉपवर चालवून पाहिली आहे. यंदाच्या संयोजकांना हवी असेल तर दोन्ही देऊ, मोबदला नको, आमचे नावही नको. त्यांना आपले वेगळे नियम करायचे असतील तर तेही चालतील, फक्त वेळेत द्यावेत. पंच म्हणून उभा राहायलाही मी येईन.

गेल्या रविवारी पाचही जण घरी आले होते. जांबोटीच्या मुलाने आपल्या बचावपटूंचा हिशेब हलका करून आणलाय, आता ते ठोका चुकवत नाहीत म्हणाला. यंदा नाव नोंदवणार का, असे मी त्याला विचारले. "नियम कधी देणार तेवढं विचारा काका, मग भरतो अर्ज." तेच विचारण्यासाठी हे पत्र लिहिले.

आपला,
एक जुना फुटबॉल पंच
अनगोळ, बेळगाव